नासाने इशारा दिलाय, आधी पोहे संपवा : विज्ञानाच्या बातम्या आणि त्यांवरची थट्टा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात विज्ञानाची बातमी सकाळी पोह्यांबरोबर येते. पातेल्याखाली पाणी वाफाळत असते, जीरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) भुरभुरवले जात असते आणि कोणीतरी मोबाइल पुढे करून म्हणते, ‘भिया, हे पाह्यलं का?’ राजेंद्रनगर असो, रामबाग असो की सुदामानगर, पुढचे पंधरा मिनिटांचे चर्चासत्र फुकट असते. खालचे प्रश्न त्याच चर्चासत्रातले. थट्टेला आमची मुळीच ना नाही. मात्र आकडा नीट वाचला की थट्टा जास्त झणझणीत होते, असा अनुभव आहे.

लघुग्रह ‘पृथ्वीच्या अगदी जवळून’ जाणार, ही बातमी दर पंधरवड्याला येते. घाबरायचे की हसायचे?

बातमीत अंतर शोधा. वेगाचा आकडा वाचू नका, तो फक्त अंगावर काटा आणायला छापलेला असतो. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किमीवर आहे. बातमीतला दगड ४० लाख किमीवरून जाणार असेल तर तो चंद्राच्या दहापट लांबून चालला आहे. मापात सांगायचे तर पृथ्वी १० सेंटिमीटरची जिलबी धरा. चंद्र ३ मीटरवर येतो आणि तो ‘अगदी जवळचा’ लघुग्रह ३१ मीटरवरून जातो. म्हणजे जिलबी दुकानात आणि माशी गल्लीच्या टोकाला.

‘संभाव्य धोकादायक’ हा शिक्का ऐकून दचकू नये. दगडाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून सुमारे ७५ लाख किमीच्या आत येत असेल आणि त्याचा आकार साधारण १४० मीटरपेक्षा जास्त असेल, तर तो शिक्का आपोआप बसतो. याच्यावर नजर ठेवा, एवढाच त्याचा अर्थ.

खऱ्या अर्थाने जवळून जाणारा हवा असेल तर अपोफिस आहे. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किमीवरून जाईल. टीव्हीचे उपग्रह याहून लांब, जवळजवळ ३६,००० किमीवर असतात. जिलबीच्या मापात अपोफिस फक्त २५ सेंटिमीटरवरून जाईल. धडकणार नाही हे मोजून झाले आहे. पुढची निदान शंभर वर्षे त्याच्याकडून भीती नाही. पण तारीख तेरा आणि वार शुक्रवार, त्यामुळे त्या आठवड्यात कुटुंबाच्या गटावर काय काय येईल याची तयारी आताच करून ठेवा.

२०२४ वायआर४ या लघुग्रहाची टक्कर होण्याची शक्यता आधी वाढली आणि मग एकदम शून्यावर आली. शास्त्रज्ञांनी थापा मारल्या का?

नाही. हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि नंतर काही दिवसांत जवळजवळ शून्य झाली. यावर ‘हवामान खात्याकडे दिलं होतं का काम?’ असा विनोद जिकडेतिकडे झाला. विनोद ठीक, गणित असे आहे:

घराची किल्ली हरवली आहे. चार खोल्या आहेत, तेव्हा ती स्वयंपाकघरात असण्याची शक्यता २५ टक्के. दोन खोल्या शोधून झाल्या, नाही सापडली. स्वयंपाकघराची शक्यता ५० टक्के झाली. किल्ली जागची हलली नाही, आपले अज्ञान कमी झाले. मग स्वयंपाकघरातले डबेही पालथे घातले आणि शक्यता धाडकन शून्य. लघुग्रहाचेही तेच. निरीक्षणे वाढतात तसा तो कुठे असू शकेल तो पट्टा आक्रसतो. पृथ्वी त्या पट्ट्यात असेतो टक्का चढतो, पट्ट्याबाहेर पडली की कोसळतो. पुढच्या वेळी टक्का वाढताना दिसला की ‘अजून स्वयंपाकघर राहिलंय’ एवढे म्हणा, जाणकार हसतील.

‘आज रात्री १२.३० ते ३.३० कॉस्मिक किरणे येणार, फोन बंद ठेवा, सिंगापूर टीव्हीने सांगितले आहे.’ खरे काय?

हा निरोप इतका जुना झाला आहे की त्याला आता पेन्शन सुरू व्हावी. पहिला प्रश्न: १२.३० कुठले? सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. किरणे तिथल्या वेळेने येणार की इथल्या, हे निरोपात कधीच नसते.

वैश्विक किरणे मात्र खरीच आहेत. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून वर जाऊन ती शोधली. ती चोवीस तास येतात. वातावरणात आदळून त्यांतून म्यूऑन नावाचे कण तयार होतात आणि समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक या हिशेबाने खाली येतात. तळहात आडवा धरा: मिनिटाला शंभरेक म्यूऑन आरपार गेले. फोन चालू होता की बंद, याची त्यांनी चौकशी केली नाही.

खरी मजा पुढे आहे. असा एखादा कण संगणकाच्या चिपमध्ये नेमक्या जागी आदळला तर स्मृतीतला शून्याचा एक होऊ शकतो. २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला यंत्राने ४,०९६ मते जास्त दिली, शक्य होती त्याहूनही जास्त. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. संगणक आकडा शून्य आणि एक अशा बिटांत साठवतो; त्यातला तेरावा बिट उलटला की बरोबर एवढाच फरक पडतो. दुसरी कुठलीही चूक सापडली नाही, म्हणून संशय वैश्विक किरणांवर गेला. मोठ्या सर्व्हरमध्ये अशी चूक स्वतःच पकडणारी स्मृती म्हणूनच बसवतात. विनोदाला इथे भरपूर जागा आहे आणि ती सगळी मोकळीच पडली आहे.

फोन पाण्यात पडला. तांदळात ठेवू की नको? पोह्यात ठेवला तर?

तांदळात नको. अ‍ॅपलनेही आपल्या सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. तांदळाचा बारीक भुगा आणि स्टार्च चार्जिंगच्या छिद्रात जातो, आणि कोरडा तांदूळ हवेपेक्षा फार वेगाने पाणी ओढतो असेही नाही. पोह्यांबद्दल: भिजणे हा पोह्यांचा धर्मच आहे, पण भिजलेला पोहा आत अडकला तर पुढची पायरी फक्त फोडणीची उरते.

काय करावे: फोन लगेच बंद करा. चार्जर लावू नका, लावलेला असेल तर काढा. कव्हर आणि सिमचा ट्रे काढा. चार्जिंगचे तोंड खाली धरून फोन तळहातावर हळूच आपटा. मग पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. निदान अर्धा तास चार्जिंगची घाई नको. ओलाव्याची सूचना पुन्हा आली तर पूर्ण दिवसभर थांबा. हेअर ड्रायर नको, कारण गरम हवेने रबरी सील आणि चिकटवलेले भाग सुटतात. कापूस किंवा काडी घालणे तर अजिबात नको.

नुकसान नुसत्या पाण्याने होत नाही; पाण्यातले क्षार आणि वीज एकत्र आले की होते. विद्युतप्रवाह चालू असताना ओल्या तांब्याच्या जोडांवर काही मिनिटांत हिरवट गंज धरतो. म्हणून ‘चालू आहे का बघू’ हा मोह सगळ्यांत महाग पडतो. चहात पडला असेल तर प्रकरण वेगळे: साखर आत वाळून चिकटते, तो सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घ्या. ‘आयपी६८’ (पाणी आत न शिरण्याचा दर्जा) असे खोक्यावर लिहिले असले तरी ती चाचणी गोड्या, स्वच्छ पाण्यातली असते. कटिंग चहाची चाचणी कोणी घेतलेली नाही.

‘पाच मिनिटांत चार्ज होणारी बॅटरी’ दर महिन्याला शोधली जाते. मग आमच्या हातात का येत नाही?

आधी गुणाकार. ५,००० एमएएचचा फोन, ३.८५ व्होल्ट, म्हणजे साधारण १९ वॉट-तास. ते पाच मिनिटांत भरायचे तर २३० वॉट सतत लागतील. हे फोनात जमू शकते; २४० वॉटने चार्ज होणारा फोन २०२३ मध्ये विक्रीला आला, त्याला साडेनऊ मिनिटांच्या आसपास लागतात. बॅटरी आता हा भार झेलते. उष्णतेचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

मोटारीकडे वळलो की मौज वाढते. ४० किलोवॉट-तासांची बॅटरी पाच मिनिटांत भरायला ४८० किलोवॉट हवेत. ज्या घरांना ५ किलोवॉट भार मंजूर आहे अशी ९६ घरे एकाच वेळी सगळे दिवे, गीझर, एसी लावून बसली तर तेवढे होतील. सोसायटीत तुम्ही गाडी लावली आणि लिफ्ट थांबली, असा तो प्रसंग.

आतली अडचण अशी: चार्ज होताना लिथियमच्या आयनांना (विद्युतभारित अणूंना) बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरायला वेळ लागतो. फार जोरात ढकलले तर ते आत न शिरता बाहेरच धातू होऊन साचतात. रात्री अकराला सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, चारचाकी घालण्यासारखेच. साचलेल्या धातूमुळे बॅटरीची क्षमता कायमची घटते, आणि त्याचे काटे बॅटरीच्या दोन टोकांमधल्या पडद्यातून आरपार गेले तर आतल्या आत शॉर्ट होते.

म्हणून बातमीत तीन गोष्टी शोधा. चाचणी नाण्याएवढ्या सेलवर झाली की मोटारीच्या सेलवर? किती वेळा चार्ज करून पाहिली, ५० वेळा की १,०००? कोणत्या तापमानाला? इंदूरचा मे महिना प्रयोगशाळेच्या २५ अंशांत बसत नाही. यांपैकी एकही आकडा दिला नसेल तर बिनधास्त थट्टा करा.

संलयनातून (हलकी अणुकेंद्रे एकत्र जोडून) ‘घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली’. मग वीजबिल कधी कमी होणार?

५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेसरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा लक्ष्यावर टाकली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. शास्त्राच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट, तिची वाट पाहण्यात दशके गेली होती. पण ते लेसर पेटवायला भिंतीतल्या सॉकेटमधून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढावे लागले.

बिलाच्या भाषेत: ३०० मेगाज्यूल म्हणजे ८३ युनिट. मिळाले ०.८७ युनिट. तेवढ्या उष्णतेत २० लिटरची एक बादली आंघोळीपुरती, नीट कढत होते. जगातल्या सगळ्यांत महागड्या गीझरने एक बादली तापवली, हा विनोद कोणी केला तर तो तंतोतंत खरा आहे. शास्त्रज्ञही तो आपापसांत करत असणार.

एलके-९९ चे पुढे काय झाले? तो तरंगणारा दगड?

जुलै २०२३ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी दावा केला की हा पदार्थ १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक राहतो, म्हणजे विजेला अजिबात रोध करत नाही. जगभर लोकांनी भट्ट्या पेटवल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही तो बनवून पाहिला, अतिवाहकता सापडली नाही. रोध एकदम घसरतो असे जे दिसले होते ते त्यातल्या कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे. तो पदार्थ १०४ अंशांच्या आसपास आपले रूप बदलतो. आणि चित्रफितीतला दगड चुंबकावर पुरता तरंगत नव्हता, एक कोपरा टेकलेला होता. कोपरा टेकवून तरंगणे आपल्याकडेही अनेकांना जमते, विशेषतः दुपारच्या जेवणानंतर कार्यालयात.

इंदुरात ‘कृष्णविवर’ तयार करणारे यंत्र आहे म्हणतात. खरे का?

यंत्र आहे, कृष्णविवर नाही. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात (जुन्या इंदूरकरांच्या तोंडी अजून ‘कॅट’) इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन वर्तुळाकार यंत्रे आहेत. इंडस-२ चा घेर सुमारे १७२ मीटर. त्यात इलेक्ट्रॉन २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने फिरतात आणि वळणावर क्ष-किरण फेकतात. त्या किरणांखाली धातू, औषधे, प्रथिने यांची रचना तपासतात. कशाचीही टक्कर करत नाहीत. तुम्ही ज्याच्याशी गल्लत करताय तो जिनिव्हाजवळचा, प्रोटॉनांची टक्कर घडवणारा लार्ज हेड्रॉन कोलायडर. त्याचा घेर २७ किमी, आणि तिथला एक प्रोटॉन इंडसच्या इलेक्ट्रॉनच्या २,७०० पट ऊर्जेचा.

२००८ मध्ये ते यंत्र सुरू झाले तेव्हा त्या टकरींतून कृष्णविवर तयार होईल म्हणून भारतातही ‘जगबुडी’च्या बातम्या दिवसभर चालल्या होत्या. भीती का अनाठायी, तर आभाळातून याहून कितीतरी जोमदार कण रोज येतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या युटा इथे नोंदलेल्या एका कणाची ऊर्जा ताशी ९० किमी वेगाच्या क्रिकेटच्या चेंडूएवढी होती. एकच कण, फिरकी गोलंदाजाच्या चेंडूएवढा. पृथ्वी शाबूत आहे.

‘इंदुरात आज सावली नाहीशी होणार’ ही बातमी तरी थापच ना?

ही खरी आहे, आणि हिच्यासाठी गच्चीवर जाण्यासारखे आहे. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून, डोंगला गावाजवळून जाते. त्याच्या दक्षिणेकडच्या गावांना वर्षात दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर मिळतो. इंदूरला ते दिवस जूनच्या ७ तारखेच्या आणि जुलैच्या ५ तारखेच्या आसपास येतात. ग्वाल्हेरच्या पाहुण्यांना हे आवर्जून सांगा. ते कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे त्यांची सावली त्यांना कधीच सोडत नाही.

वेळ बाराची नाही. भारताचे घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आहे आणि इंदूर पावणेशहात्तर अंशांच्या जरा पुढे, म्हणून इथली खरी दुपार जूनमध्ये १२.२६ च्या सुमारास आणि जुलैत १२.३१ च्या सुमारास होते. बाराला पाहून ‘सावली तर आहे की’ म्हणत खाली उतरणारे याच अर्ध्या तासाने चुकतात. सरळ नळीचा तुकडा उभा ठेवा, ओळंब्याने तो ताठ आहे ना आणि पातळीदर्शकाने फरशी सपाट आहे ना ते बघा. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तोच दगा देतो. १२.१५ पासून दर दोन मिनिटांनी सावलीचे टोक खडूने नोंदवा. एखाद्या दिवसाने चुकलात तरी ३० सेंटिमीटरच्या नळीला अर्ध्या मिलिमीटरचाच फरक पडतो. जूनची तारीख पकडा. जुलैत ढग आधीच हजर असतात.

दिवाळीच्या रात्री अंतराळातून झगमगणारा भारत दाखवणारा नासाचा फोटो दरवर्षी येतो. तो खरा का?

दिवाळीचा नाही. १९९२ ते २००३ या काळात भारतातले रात्रीचे दिवे कसे वाढले हे वेगवेगळ्या रंगांत दाखवणारे ते जोडचित्र आहे. दिवाळीच्या पणत्यांनी पडणारी भर एरवीच्या दिव्यांपुढे इतकी किरकोळ असते की अंतराळातून ती कळत नाही. वहिनींना मात्र हे लगेच सांगायला जाऊ नका, रांगोळीचा दिवस असतो.

‘उंदरांवरील प्रयोगात सिद्ध’ आणि ‘धोका ५० टक्क्यांनी वाढतो’ यांचे काय करायचे?

पहिल्यासाठी मात्रा पाहा. उंदराला दिलेली मात्रा शरीराच्या वजनाशी लावून माणसाला मोजली तर बऱ्याचदा रोज दोन किलो गराडू (इंदुरात तळून खातात तो कंद) खाण्याइतकी निघते. मग विनोद आपोआप तयार होतो.

दुसऱ्यासाठी एकच प्रश्न विचारा: कशाच्या ५० टक्के? हजारांत दोघांना होणारी गोष्ट हजारांत तिघांना झाली, तरी मथळा ‘५० टक्क्यांनी वाढ’ असाच येतो. हजारांत एकाची भर, असे कोणी छापत नाही. त्याने पेपर खपत नाही.

एआयच्या चुकांवर हसावे का?

मनसोक्त. २०२४ मध्ये अनेक एआयंनी ९.११ हा ९.९ पेक्षा मोठा ठरवला. ही यंत्रे आकडा आपल्यासारखा वाचत नाहीत, तुकड्यांत तोडून वाचतात. ‘११’ हा तुकडा ‘९’ पेक्षा मोठा दिसतो. आवृत्त्यांच्या क्रमांकांत आणि तारखांत ते खरेही असते, गोंधळ तिथूनच येतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. मे २०२४ मध्ये गूगलच्या एआयने चीज घसरू नये म्हणून पिझ्झावर गोंद लावायला सांगितले. ते त्याने कुणाच्या तरी ११ वर्षांपूर्वीच्या विनोदातून उचलले होते. म्हणजे आज तुम्ही लिहिलेले ‘वायफाय मंद असेल तर राउटरला जीरावण लावा’ हे उद्या कोणाला तरी उपाय म्हणून मिळू शकते. औषध, वीज, गॅस सिलिंडर यांवरचा विनोद करताना तो विनोद आहे हे वाक्यातच कळेल असा करा.

काकांनी पाठवलेली बातमी खोटी आहे. त्यांना न दुखावता कसे सांगायचे?

सगळ्यांसमोर नाही, वेगळा निरोप पाठवा. ‘हे खोटं आहे’ या तीन शब्दांनी सुरुवात केली की उत्तर ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांनी येते. त्याऐवजी: ‘काका, मजेशीर आहे हे. पण सिंगापूरचे साडेबारा म्हणजे आपले दहाच ना? मग तुम्ही मालिका बघत असताना किरणं येऊन गेली की!’ काका स्वतःच पुढच्या वेळी हे दुसऱ्याला ऐकवतात. आत्यांच्या बाबतीत आकडा न वापरता ‘फोटो जुना आहे’ एवढे पुरते. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कधी छापला गेला ते शोधायला अर्धे मिनिट लागते. बातमीत कोणी दगावले असेल, तर विनोद करूच नका.

ज्या संशोधनावर सगळे हसतात ते फालतूच असते का?

भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम यांना जिवंत बेडूक चुंबकाने तरंगवल्याबद्दल २००० साली थट्टेचा इग नोबेल मिळाला. २०१० मध्ये ग्राफीनसाठी (कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या पापुद्र्यासाठी) त्यांनाच खरा नोबेल मिळाला. इग नोबेल आपल्याकडेही आला आहे: २००१ मध्ये बंगळुरूच्या मनोविकारतज्ज्ञांना, किशोरवयीन मुले नाकात किती बोटे घालतात याच्या अभ्यासासाठी. विषय ऐकून हसलात ना? तो पुरस्कार त्यासाठीच दिला जातो.

‘२ ऑगस्टला जग सहा मिनिटे अंधारात जाणार’ हे २०२५ मध्ये आले होते. काहीच झाले नाही!

वर्ष चुकले होते, तारीख बरोबर होती. खग्रास सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. इजिप्तमध्ये लक्झरच्या आसपास सहा मिनिटांहून थोडा जास्त काळ सूर्य पूर्ण झाकला जाईल. जग नव्हे, एक अरुंद पट्टा अंधारात जाईल. इंदुरात त्या दिवशी टळटळीत दुपार उलटल्यावर खंडग्रास दिसायला हवे. ‘आयएसओ १२३१२-२’ (सूर्याकडे पाहायच्या चष्म्यांचे मानक) असे छापलेला चष्मा वापरा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच किंवा तीन गॉगल एकावर एक चालणार नाहीत, त्यांतून न दिसणारे अवरक्त किरण डोळ्यांत जातातच. बाकी ऑगस्टचा पहिला आठवडा आहे. आभाळ भरलेले असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्यासाठी नासाच्या इशाऱ्याची गरज नाही.